मागच्या खुर्चीतली यमुनाक्का

यमुनाक्का गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते, मी गळ्याला पांढरा बँड बांधत होतो, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: अरे देवा, दुपारच्या केसमध्ये आता मला सांगणार कोण? रडू आलं ते नंतर. पण आधी हा विचार आला... पाच आठवडे झाले, तो काही माझी पाठ सोडत नाही.

यमुनाक्का माझ्या थोरल्या काकांची मुलगी, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. आमचं घराणं मराठ्यांच्या राज्याबरोबर तंजावरकडे आलं आणि इथे कुंभकोणमला रुजलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आमची मराठी ऐकून महाराष्ट्रातली माणसं आधी हसतात, मग ‘किती गोड’ म्हणतात. माझे वडील इथल्या कोर्टात वकील होते. अक्का कायदा शिकून त्यांच्या ऑफिसात आली, चार वर्षांनी मी आलो. वडील गेल्यावर मात्र अशील माझ्याकडे बघायला लागले, कारण मी मुलगा. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! वकालतनाम्यावर नावं दोघांची असायची, उठून बोलायचो मी.

आणि बोलायचो काय, तर अक्का मागच्या खुर्चीतून कुजबुजायची ते. आमच्या घरच्या मराठीत. “तारीख चुकली त्याची, पाहा.” “चौथें पान वाच म्हण त्याला.” “आता सुम्मा बस, तो आपणच अडकेल.” सुम्मा म्हणजे उगी. न्यायाधीश तमिळ, समोरचा वकील तमिळ, दोघांनाही एक अक्षर कळायचं नाही. लोकांना वाटायचं, बहीण भावाला कागद शोधून देतेय. मी एक क्षण डोळे मिटायचो, मोठा विचार केल्यासारखा, आणि तेच इंग्रजीत ठोकून द्यायचो. दारासुरमच्या विणकर भावांचा वाटणीचा दावा मी असाच जिंकला. धाकट्याचा माग थोरल्याने बळकावला होता. साक्षीदार उलटा फिरला तो अक्काच्या तीन प्रश्नांनी, आणि त्या दिवसापासून मी गावात ‘उलटतपासणीचा वाघ’ झालो. वाघ कसला, पोपट.

ही कुजबुज कळणारं त्या कोर्टात आजवर एकच माणूस आलं, माझी बायको शैला. ती सोलापूरची. लग्नाला महिना झाला होता, नवरा कसा वाद घालतो ते बघायला हौसेनं येऊन बसली. घरी आल्यावर साडीची घडी घालता घालता म्हणाली, “अक्का काय सुंदर वाद घालतात हो!” एवढंच. मी दोन दिवस तिच्याशी धड बोललो नाही.

अक्काचं लग्न झालं नव्हतं. तिला वेड एकाच गोष्टीचं. कॉलेजच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीत तिला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं होतं, अमेरिकेतल्या पहिल्या बायका-वकिलांचं आणि न्यायाधीशांचं. शनिवारी संध्याकाळी पितळी फिल्टरमधली कॉफी उतरेपर्यंत ती त्यातली एकेक बाई मला सांगायची. एकीला तिकडच्या कोर्टाने सनदच दिली नाही. का, तर लग्न झालेली बाई. तिला स्वतःच्या नावाने करारच करता येत नाही, मग वकिली कसली? वरच्या कोर्टानेही तेच उचलून धरलं. मी थट्टेनं म्हटलं, “बरं झालं, तू लग्न केलं नाहीस.” अक्का कॉफी ओतत म्हणाली, “नाही केलें तरी तूं कोठें उठूं देतोस?” मी हसलो. तीही हसली. मला वाटलं, थट्टा संपली.

तिची सगळ्यात लाडकी होती एक काळी बाई. न्यायाधीश झाली होती. तिच्यापुढे बायकांना नोकरीत डावलल्याचा खटला आला, तेव्हा समोरचे वकील म्हणाले, तुम्ही स्वतः काळ्या, त्यातून बाई, तुम्ही या खटल्यातून बाजूला व्हा. ती हटली नाही. तिचं म्हणणं असं, की प्रत्येक न्यायाधीशाला काही ना काही रंग असतो, तो बाई नाहीतर पुरुष असतोच. मग कोणीच कुठला खटला ऐकू नये. हे सांगताना अक्काची कॉफी गार व्हायची. “काय बाई रे! खुर्चीत कशी बसली असेल ती...” ती आपल्या पाठीचा कणा ताठ करून दाखवायची. अक्काला ती खुर्ची हवी होती. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

अक्का चव्वेचाळीस वर्षांची असताना जिल्हा न्यायाधीशांच्या जागा निघाल्या. वयाच्या अटीत बसण्याची तिची ती शेवटची संधी. अर्जासोबत, कोणते खटले स्वतः चालवले त्याची यादी लागत होती. कोर्टाच्या कागदांत सगळीकडे माझं नाव. म्हणून तिने माझ्यासाठी एक पत्र टाइप करून आणलं: खालील खटल्यांतली कैफियत, उलटतपासणीचे प्रश्न आणि युक्तिवाद यमुनाबाईंनी तयार केले. खाली सहीची जागा माझी. यादीत पहिलाच दारासुरमचा दावा.

मी ते वाचलं. हे पत्र मोठ्या न्यायाधीशांपुढे जाणार, तिथून वकिलांच्या बार रूममध्ये फुटणार, आणि मग वाघ कोण आणि पोपट कोण ते साऱ्या गावाला कळणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हटलं, “ठेव, दोन शब्द बदलायला हवेत.” दुसऱ्या दिवशी पापनाशमला लग्न होतं, तिथे गेलो. मग उद्या म्हटलं. मग परवा. अक्काने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा नाही विचारलं. मुदत संपली त्या शुक्रवारी संध्याकाळी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, “अगं, राहूनच गेलं बघ!” तिने टेबलावरचं पत्र उचललं. मग म्हणाली, “सोमवारचे कागद वाचलेस की?”

भांडली असती तर बरं झालं असतं. ती सोमवारी मागच्या खुर्चीत येऊन बसली, आणि पुढची वीस-बावीस वर्षं बसत राहिली. त्या शनिवारी मात्र तिने नवी बाई सांगितली. ती कायद्याच्या कॉलेजात अगदी वरच्या नंबरांत होती, पण नोकरी मागायला गेली तर विचारणा झाली, टायपिंग किती येतं? पुढे तीच देशाच्या सर्वोच्च कोर्टात बसली, पहिली बाई म्हणून. “तिला निदान विचारलें तरी,” अक्का म्हणाली, “मी न विचारतांच टाइप करतें.”  एकदाच, फार वर्षांनी, धीर करून विचारलं, अक्का, तू अजून मला का सांगतेस गं मागून? ती म्हणाली, “अशिलाचा काय दोष रे?”

वकिलांच्या संघात शोकसभा झाली. घरून निघताना मी ठरवलं होतं, आज सगळं सांगायचं. उभा राहिलो. समोर तरुण वकील मुलींची आख्खी एक रांग होती, अक्काने ज्यांना मसुदा लिहायला शिकवलं त्या. माझं तोंड उघडलं आणि तमिळमधून शब्द आले: यमुनाम्मांची मला फार मदत झाली. मदत! दोन मिनिटं सगळे शांत उभे राहिले, मग अध्यक्ष माझा हात धरून म्हणाले, फार मनापासून बोललात. मी मान हलवली. लाज वाटते हे लिहायला, पण त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

अजून कोर्टात समोरचा वकील खाली बसला की मी लगेच बोलत नाही. मान किंचित मागे कलते, डावीकडे. तिकडून काही येत नाही. नवे न्यायाधीश माझ्याबद्दल म्हणतात म्हणे, जुनी माणसं, कशी तोलूनमापून बोलतात...

माझी मराठी शैलाने घासूनपुसून आजची करून दिली आहे. काल हा लेख वाचून झाल्यावर तिने चष्मा काढला आणि विचारलं, “पण हे इथे कोण वाचणार हो? तुमच्या कोर्टात सगळे तमिळ. आपल्या लोकांतसुद्धा बोलतात सगळे, पण मराठी वाचता कुणाला येतं?”

“कोणालाच नाही,” मी म्हटलं. “म्हणून तर लिहिता आलं.”