डबल बेल

पूर्णेच्या बसस्थानकासमोरच्या हॉटेलात संध्याकाळी आमच्या टेबलावर एक रिटायर कंडक्टर बसतात. बोलण्यापेक्षा त्यांची अंगठीच जास्त बोलते. एसटीतल्या घंटीसारखं चालतं त्यांचं. टेबलावर अंगठीचा एक टोला म्हणजे थांबा, दोन म्हणजे जाऊ द्या. मला याची चीड यायची. माणसानं तोंडानं बोलावं की!

परवा त्यांच्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला. ती नवऱ्याबरोबर शिकागो सोडून पार दुसऱ्या टोकाला, समुद्राकाठी राहायला निघाली होती. मुद्दाम जुन्या रूट ६६ वरून. एकेकाळी सगळी अमेरिका याच रस्त्यानं जायची, मग मोठे हायवे बाजूनं गेले आणि वाटेतली गावं ओस पडली, असं ती सांगत होती. पडद्यावर बंद पडलेले पेट्रोलपंप मागं सरकत होते.

"गाव आलं की नाव सांगत जा," कंडक्टर म्हणाले. ती सांगेल ते नाव हे मोठ्यानं पुकारायला लागले, "चला, उतरा, उतरा!" सगळं हॉटेल हसलं.

"लय लांब चाललीस गं," ते मग हळूच म्हणाले.

"नवी नोकरी हाय, बाबा. औंदा दिवाळीला यायला जमायचं न्हाई."

त्यांनी टेबलावर एक टोला मारला. पडद्यावरचा रस्ता तसाच पळत होता.

"बाबा, ऐकू यायलंय ना?"

अंगठी टेबलावर टेकलेलीच होती. बऱ्याच वेळानं त्यांनी ती उचलली आणि दुसरा टोला मारला.