साखरेचा पातळ थर

प्रयोगशाळेत नवी असताना मी सोन्याचे सूक्ष्म कण धुऊन काढले होते. त्यांच्यावरचं आवरण मला मळ वाटलं! मी पडले टापटिपीची. ते ज्यात तरंगत होते ते डाळिंबी पाणी निळंकाळं होऊन कण एकमेकांना चिकटून तळाशी बसले, तेव्हाच मी थांबले.

आज माझ्या नातीच्या शिरेत लोहाचे तसलेच कण थेंबथेंब उतरताहेत, साखरेचा पातळ थर पांघरून. तिचं रक्त फार कमी झालंय. ओठ पांढरेफटक, तरी हसून म्हणते, "आजी, मी मजेत आहे. तूच घाबरलीयेस." ते हसू किती पातळ आहे, मला दिसतंय. 'खरं सांग' म्हणून खरवडायला जीभ वळवळतेय. पण मीही हसून मान डोलावतेय. प्रयोगशाळेतल्या बाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "अगं शहाणे, तो मळ नव्हता. त्याच्याच आधारावर ते तग धरून होते."