गुडघ्याला बांधलेला फेटा

पिशोरचे रामकिसन सांडू म्हंजे फेट्याचा माणूस. आसपासच्या निम्म्या नवरदेवांच्या डोक्याला त्यांचे हात लागलेले. पण कंपवात झाला अन् हातच ऐकेनात. एका वरातीत तर फेटा घोड्यावरच सुटून नवरदेवाच्या नाकावर आला, मग लोक तयार फेटे आणायला लागले. शर्टाची बटनं बायको वच्छलाबाई लावून द्यायच्या, त्याचं काही नाय. पण नात मोनिकाचं लग्न ठरलं अन् म्हातारा हट्टाला पेटला, "नातजावयाला फेटा मीच बांधणार. नायतर मांडवात येत नाय."

म्हणून संभाजीनगरात मेंदूचं ऑपरेशन. डोकं लोखंडी चौकटीत आवळलेलं, कवटीला भोक, आत बारीक तार, आणि माणूस चक्क जागा. करंट दिल्यावर हात थांबतो का, बोलणं अडखळतं का, हे जागेपणीच कळतं म्हणे. डॉक्टर सरिता मॅडम शेजारी बसल्या.

"काका, हातानं काहीतरी करून दाखवा."

"फेटा बांधतो की."

आता डोकं कुणाचं द्यायचं? मॅडमनी आपली टोपी घट्ट धरली. शेवटी बँडेजचं भेंडोळं मिळालं, म्हाताऱ्यानं स्वतःचाच गुडघा वर केला. करंट सुरू झाला. थरथरते हात हळूहळू निवले, बोटं झरझर चुण्या घालू लागली.

"काका, नातीचं नाव काय?"

गप्प.

"काका, ऐकू येतंय ना?"

तरी गप्प. करंटनं वाचाच गेली की काय, मॅडमचा चेहरा उतरला. "कमी करा, लवकर कमी करा." करंट उतरला तसे हात पुन्हा नाचायला लागले, चुण्या विस्कटल्या. चौकटीच्या पट्टीआड तोंडात धरलेलं बँडेज म्हाताऱ्यानं थुंकलं.

"आवो बाई, चुण्या घालताना पदर दातात धरावा लागतो. बोलू कसा? मोनिका नाव हाय नातीचं. वाढवा पुन्हा."

सगळे हसले. करंट वाढला अन् गुडघा नवरदेव झाला.

ही गोष्ट म्हाताऱ्यानं साऱ्या पिशोरला ऐकवली. लग्नादिवशी पडेगावच्या कार्यालयात ते स्वतः बटनं लावून आले. नातजावई सत्यमला खुर्चीत बसवलं, पदर दातात धरला, चुणीवर चुणी चढवली, तुरा काढला. दातातला पदर शेवटी खोचला.

"आता तरी बोला जावयाशी," वच्छलाबाई म्हणाल्या.

तोंड मोकळं होतं, पण शब्द फुटेना. लई भरून आलं होतं त्यांना.

वच्छलाबाईंनी पदरानं त्यांचे डोळे पुसले. "काय वो, करंट कमी करायला मॅडमला बोलवू का?"