चांद्याची घंटी आणि तीन नंबरची वायर

भुताखेताचा विषय निघाला की मी चहा सांगायच्या निमित्ताने उठून जाणारा माणूस आहे. वर्ध्याला लागून बोरगाव मेघेत माझं गॅरेज आहे. इंजिनात आवाज आला तर त्याला कारण असतं आणि ते कारण पान्याने खोलता येतं... एवढाच माझा देवधर्म. पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, मिस्त्री पिऊन असेल. नव्हतो हो! भर दुपारचे अडीच वाजले होते आणि पोटात नुसती झुणका-भाकर होती.

गोष्ट २००३ च्या आसपासची. अल्लीपूरला वामनकाका म्हणून एक शेतकरी, माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे पेट्रोलवर चालणारी, ताडपत्रीची जुनी जीप. नव्वद-एक्याण्णवच्या सुमारास त्यांच्या बैलजोडीतला एक बैल साप चावून गेला. मागे राहिला चांद्या. त्याने चारा सोडला. नवा बैल आणून शेजारी बांधला, तर त्याला शिंगावर घ्यायला धावला! त्याच आठवड्यात काकांनी ही जीप घेतली आणि जागा नव्हती म्हणून गोठ्यात, मेलेल्या बैलाच्या जागी उभी केली. सकाळी बघतात तर चांद्या बॉनेटला मान घासत निवांत कडबा खातोय. तेव्हापासून जीप म्हणजे चांद्याची जोडी. पोळ्याला तोरणाखाली एका बाजूला चांद्या, दुसऱ्या बाजूला झूल पांघरलेली जीप. गाव हसायचं, काका नाही.

हे सगळं मला काकांनीच गॅरेजमध्ये बसून सांगितलेलं. त्यांच्या घरी मी कधी गेलो नव्हतो. मधली तीन-चार वर्षं तर जीपही माझ्याकडे आली नाही. एकदा ह्या जोडीवरून माझी जीभ घसरली होती, काका रुसले, संपलं.

आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी अचानक काकांचा फोन.

"मिस्त्री, राग थुकून टाक. गाडी मिसिंग करून राह्यली. तीन मिस्त्री झाले. पोरगा म्हणते, उद्या पोळ्यात आपल्या चाकावर गेली तर ठीक, ढकलत न्या लागली तर परवा भंगारात. तू येजो बाप्पा."

त्यांचा आवाज ऐकून मीच विरघळलो. पिशवीत पाने भरले आणि स्कूटर काढली.

मुलगा प्रशांत नागपूरहून बायकोला घेऊन सणाला आला होता. सरळ माणूस, पण वैतागलेला. "भाऊ, बाबा हिच्यापायी रस्त्यात अडकून बसतात. मागच्या महिन्यात भर पावसात दोन तास बसलेले. मी तिकडं, हे इकडं. तुम्हीच सांगा." त्याचंही काही चूक नव्हतं.

मिसिंग म्हणजे काय, तर चारपैकी एखाद्या सिलिंडरला मधूनच ठिणगी मिळत नाही आणि गाडी लंगडायला लागते. जीप गोठ्यातच उभी होती. चालू केली. थंड असताना चारही ठोके खणखणीत. दहा मिनिटं तापली आणि मग... धक-धक-धक-फुस. प्लग काढून साफ केले. पॉइंटचा गॅप लावला. कंडेन्सर बदलला. कार्बोरेटर धुतला. फुस ती फुसच. एकेक प्लगची वायर काढून पाहावं तर त्या क्षणी सगळे सिलिंडर शहाण्यासारखे चालणार. अशी मिसिंग मिस्त्र्याची अब्रू घेते, महाराज!

काका दारात पाटावर बसून होते. नुसते माझ्या हाताकडे पाहत होते. ते मला जास्त जड जात होतं.

जीपच्या पलीकडे छातीएवढी मातीची भिंत, तिच्यावर पार वरपर्यंत रचलेला कडबा, आणि तिच्या पलीकडून बैलाच्या गळ्यातली घंटी वाजत होती. टुण्... टुण्. चांद्या बांधला असेल, म्हणून मी आधी लक्षच दिलं नाही. मग जाणवलं, ती भलत्याच वेळी वाजतेय. फुस व्हायच्या अगदी जरासं आधी. टुण्... फुस. टुण्... फुस. मी मनात म्हटलं, जोडीदाराचा आवाज बिघडला की जनावर मान हलवत असेल. जनावराचा कान आपल्यापेक्षा तिखट असतो, त्यात काय नवल!

गंमत म्हणून मी बॉनेटखाली डोकं घालून पुटपुटलोसुद्धा, "अबे चांद्या, मले तर काई समजून नाई राह्यलं. तूच सांग आता!"

ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधून चारही प्लगकडे चार वायरी जातात. पहिल्या वायरीवर हात ठेवला, घंटी गप्प. दुसरीवर ठेवला, गप्प. तिसरीवर ठेवला आणि घंटी अशी वाजली की मी हात मागे घेतला. घंटी थांबली. पुन्हा ठेवला, पुन्हा वाजली. मला हसूच आलं. इंजिन बंद केलं, ती वायर कॅपमधून उपसली आणि आत टॉर्च मारला.

आत काळंकुट्ट. वायरीचं टोक नाकाजवळ नेलं, तर जळक्या तुपाचा वास!

"काका, ह्याच्यात तूप कोणं टाकलं?"

काका पाटावरच चुळबुळले. "टाकलं नाई गड्या... खांदशेकणी केली. दरसाल करतो."

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावून तो पळसाच्या पानाने शेकतात. वर्षभर जू ओढलेलं असतं त्याने. काका म्हणाले, "जीपचा खांदा कोणता, मले काय मालूम? सगळ्या वायरी तिथूनच निघतात, म्हटलं हाच असन. बरं, मिस्त्री हासतीन म्हणून वरून पुसून घेतो."

वरून पुसलेलं, म्हणून कुणाला दिसलं नाही. आत झिरपलेलं तूप जळून कोळसा झालं आणि इंजिन तापलं की ठिणगी त्या कोळशावरून भलतीकडे पळायची. मी पोट धरून हसलो. प्रशांतही हसला. काकू आतून म्हणाल्या, "मी सांगतलं होतं, बंपरले लावा म्हणून!"

कोळसा ब्लेडने खरवडला, पेट्रोलने धुतला. नवी कॅप वर्ध्याशिवाय मिळणार नव्हती. प्रशांतच्या बायकोकडून नेलपॉलिश घेतलं आणि ठिणगी अडवायला खरवडल्या जागी त्याचे दोन हात दिले. सुकल्यावर गाडी चालू केली. दहा मिनिटं, वीस, अर्धा तास. चारही ठोके एका लयीत. काकांनी डोळे पुसले.

हात धुताना मी म्हटलं, "काकू, चांद्याले पाणी पाजा आता. अर्धं काम त्यानंच केलं. कवापासून घंटी वाजवून राह्यला."

काकू काकांकडे बघू लागल्या.

मग काका हळूच म्हणाले, "चांद्या जाऊन तीन वर्सं झाली, मिस्त्री."

मी भिंतीपलीकडे गेलो. रिकामी दावण. खुंटीला घंटी टांगलेली, आणि तिच्या पोटात चिंधी कोंबलेली! काकू सांगू लागल्या, "वाऱ्यानं वाजे, अन् हे बादली घेऊन धावत सुटत. म्हणून मीच कोंबली." चिंधीवर धूळ होती, कोळ्याचं जाळं होतं. मी घंटी हातात घेऊन हलवली. आवाज नाही.

शेजारचे बैल असतील? तेही विचारलं. गावचे झाडून सगळे बैल त्या वेळी नाल्यावर आंघोळीला गेले होते.

संध्याकाळी काका हळद-तुपाची वाटी घेऊन आले. मी त्यांचा हात धरून बंपरवर नेला. काका पळसाच्या पानाने शेकत, बैलांना सणाचं आमंत्रण देतात तसं म्हणाले, "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या." एकदा जीपकडे पाहून म्हणाले, एकदा रिकाम्या दावणीकडे.

मी मुक्कामालाच राहिलो. दुसऱ्या दिवशी जीप आपल्या चाकांवर तोरणाखाली गेली. काकूंनी चिंधी काढून ती घंटी जीपच्या पुढे बांधली होती. काकांनी जीप उभी केली ती डाव्या हाताला एका बैलाची जागा सोडून. मागून कुणीतरी ओरडलं, "काका, जागा काऊन सोडली? सरकवा ना गाडी!"

"आवतण दोघाईले देल्लं आहे," काका म्हणाले.

त्या दिवशी कुणी हसलं नाही. घरी परतल्यावर काकूंनी जीपला ओवाळलं आणि बॉनेटवर पुरणपोळीचं ताट ठेवलं. प्रशांत आत गेला, दुसरं ताट वाढून आणलं आणि गोठ्यात चांद्याच्या दावणीपुढे ठेवलं. भंगारवाल्याला नको म्हणून सांगायलाही तोच गेला.

नवी कॅप मी पुढच्या आठवड्यात बसवली. जुनी अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, नेलपॉलिशसकट. ठिणगी कुठे पळत होती, ते ती कॅप हातात घेऊन मी कुणालाही समजावून सांगेन. घंटी कोण वाजवत होतं, ते मला आजही सांगता येत नाही. आणि खरं सांगू? आता मी शोधतही नाही.