टर्मिनल ओळखीचं नाही

माझी नजर गेली ती हळूहळू, कडांकडून आत. पुण्यातली नोकरीही जाईल असं वाटलं होतं, पण ती टिकली. मी कंपनीचे सर्व्हर सांभाळायचे, आणि ते काम काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करून चालतं. आपण एक ओळ लिहायची, सर्व्हर दोनचार ओळींत उत्तर देतो. पडद्यावरच्या ओळी वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर मी शिकून घेतला आणि अमरावतीला आईबाबांकडे राहून घरूनच काम करू लागले. चित्रं नाहीत, माउस नाही, नुसते शब्द. डोळस लोकांपेक्षा मी मागे आहे, असं त्या काळात मला कधी वाटलंच नाही.

मग कंपनीनं नवा प्रोग्राम आणला. सर्व्हरची सगळी कामं आता त्यातूनच करायची. तोही काळ्या पडद्यावरच चालणारा, म्हणून मी निर्धास्त होते. पहिल्या सकाळी त्याचं नाव टाइप केलं आणि रीडर बोलला, "एरर. अननोन टर्मिनल."

हे दुखणं माझ्या ओळखीचं होतं. सर्व्हरला जोडताना आपला पडदा, म्हणजे टर्मिनल, आपल्या जातीचं नाव सांगतो, आणि कर्सर कसा हलवायचा, रंग कसे द्यायचे, हे प्रोग्राम त्यावरून ठरवतो. माझ्या पडद्याचं नाव त्या सर्व्हरच्या यादीत नव्हतं. मी एक जुनं, सगळ्या सर्व्हरना माहीत असलेलं नाव दिलं. प्रोग्राम उघडला आणि रीडर सुरू झाला, "एल क्यू क्यू क्यू क्यू क्यू..." थांबेचना.

मी बाबांना हाक मारली. बाबा एसटीत कंडक्टर होते, अकोट डेपोतून निवृत्त झालेले. चष्मा चढवून ते शेजारी बसले.

"काय दिसतंय, बाबा?"

"क्यूच क्यू लिहून राहिले वं. वर बी अन् खाली बी. बाजूले उभे एक्स."

म्हणजे चौकटीच्या रेघा होत्या. पडदा त्या रेघांच्या जागी अक्षरं छापत होता. मी नाव पुन्हा बदललं, अक्षरांची सेटिंग्ज बदलली.

"हां! आता झकास दिसून रायलं," बाबा खूश झाले. "चौकट आली, रंग आले, कोपऱ्यात घड्याळ बी आहे."

माझ्यासाठी मात्र ते आधीपेक्षा वाईट झालं होतं. ते घड्याळ दर सेकंदाला बदले, आणि रीडर बाकी सगळं अर्धवट टाकून तेवढंच वाचत बसे. मला यादी ऐकू येईना, कर्सर कुठं आहे तेही कळेना. शेवटी मी सर्वांत साधं नाव टाकून पाहिलं, डंब.

"डंब म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"ज्याला काही येत नाही असा पडदा."

"मंग तसं काहून लिवतं? काही दुसरं लिव."

प्रोग्रामनंही ते चालवून घेतलं नाही. या टर्मिनलवर मी चालू शकत नाही, एवढं सांगून तो बंद झाला.

मी आमच्या सरांना फोन केला. माणूस चांगला होता. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अगं, प्रोग्राम बाहेरून घेतलाय. मी त्यांना कळवतो. तोवर काहीतरी जुळवून घे."

प्रोग्राम करणाऱ्यांनाही मी सविस्तर लिहिलं. साधा, ओळीओळीनं चालणारा पर्याय द्या, एवढंच मागितलं. असे वापरणारे फार थोडे आहेत, असं उत्तर आलं आणि तक्रार बंद झाली.

मग आम्ही जुळवून घेतलं. बाबांना झकास दिसलेलं तेच नाव परत लावलं आणि रीडर बंद ठेवला. जेवण उरकलं की बाबा शेजारच्या खुर्चीवर बसत. इंग्रजी शब्द अडला की अक्षरं सुटी करून सांगत. मी बाण दाबायचे, ते वाचायचे. काम रखडत होतं, पण होत होतं.

एका दुपारी एक बिघडलेला सर्व्हर बंद करायचा होता. मी विचारलं, "निवडलेलं नाव कोणतं आहे?" बाबांनी नाव वाचलं. तेच मला हवं होतं. मी एंटर दाबलं.

बाबांनी यादीतलं सगळ्यात वरचं नाव वाचलं होतं. निवडलेलं नाव त्याच्या खाली होतं, आणि ते फक्त पिवळ्या रंगानं दाखवलेलं होतं. रंगाला अर्थ असतो हे मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. चालू सर्व्हर बंद पडला, ग्राहकांची कामं खोळंबली. फोनवर फोन आले. बाबा खुर्चीतून उठले नाहीत.

"माह्यानं झालं," ते म्हणाले.

"नाही बाबा. तुमचं काही चुकलं नाही."

"माह्यानंच झालं."

सर रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला भांडता आलं असतं. मला त्या कामावरून काढून माहितीपत्रकं तपासायला दिली, आणि वर्षाचा करार संपल्यावर तो पुन्हा केला नाही.

नंतर अकोल्याला जठारपेठेत एका ऑफिसात मुलाखतीला गेले. फोन घ्यायचं काम होतं. बाबा सोबत होते, पण आत आले नाहीत. तिथल्या बाईंनी मला संगणकासमोर बसवलं. त्यांचा प्रोग्राम निव्वळ माउसवर चालणारा होता. रीडर एकच शब्द बोलला, "विंडो." मी बराच वेळ टॅब दाबत राहिले. बाई पाणी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या ताई, आमी कळवतो तुमाले."

त्यांनी कळवलं नाही. मीही विचारलं नाही.

अजून मी अर्ज करते. कधी अर्जाचं पान रीडरला वाचता येत नाही, तेव्हा आईला बोलावते. बाबा चहा घेऊन येतात, कप माझ्या हातात देतात आणि बोलायला बसतात. त्यांचा आवाज हल्ली खिडकीकडून येतो. पडद्याकडे पाठ करून बसतात, असं आई सांगते.