पोथीवरून मला कोणी उठवलं

अजूनही ते आठवलं की मी सुन्न होतो. पुण्यात आईचं हृदयाचं ऑपरेशन झालं होतं आणि इथे कॅल्गरीत बसून माझ्या हातात काहीच नव्हतं. म्हणून मंदिराच्या बेसमेंटमध्ये गुरूंच्या पोथीचं पारायण धरलं. आमच्या घरची शिस्त कडक, त्या दिवसाचे अध्याय संपेपर्यंत आसन सोडायचं नाही. मध्ये उठावं लागू नये म्हणून मी सकाळपासून पाणीच पीत नसे, आणि लघवी लागली तरी दाबून बसत असे. मी उठलो तर आईचं काही बरंवाईट होईल, अशी भीतीच बसली होती मनात.

हळूहळू लघवीला आग व्हायला लागली. बायको म्हणाली, "उन्हाळी लागली असणार. दिवसभर हीटर, आणि पोटात पाणी नाही." बाहेर सगळं गोठलेलं आणि मी आपला उन्हाळी लागली म्हणून संध्याकाळी सब्जा पितोय! मग कंबर धरली, बसलं की मांड्यांच्या मध्ये खोल कळ यायची, थंडी वाजून ताप भरला. मला वाटलं, महाराज परीक्षा बघताहेत.

समाप्तीच्या आदल्या दिवशी दुपारी, अध्याय संपवून वॉशरूममध्ये गेलो तर लघवी होईना. थेंब थेंब, आणि जीव जायची वेळ. भिंतीला डोकं टेकून "महाराज" एवढंच म्हणालो. शेजारी एक वयस्क सरदारजी हात धूत होते, वरच्या हॉलमध्ये कुणाच्या तरी लग्नाला आलेले. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. "पुत्तर, मेरा भी ऐसे ही शुरू हुआ था. प्रोस्टेट का इन्फेक्शन. अभी चलो." मी म्हटलं, उद्या समाप्ती आहे, मग जातो. ते बाहेर आले आणि वाकून माझे बूट माझ्यापुढे ठेवले. एवढा म्हातारा माणूस माझ्या पायांशी वाकलेला बघून मी मुकाट्याने बूट चढवले. त्यांनीच गाडीने नेलं.

इमर्जन्सीतल्या डॉक्टरीणबाईंचं ऐकून मी हबकलोच. मूत्रमार्गातले जंतू प्रोस्टेटमध्ये शिरले होते. पाणी न पिणं, दाबून धरणं, दोन्हीने त्यांचं फावलं असावं. आणखी थांबला असतात तर ते रक्तात पसरू शकले असते, म्हणाल्या. मी चाळिशीतला, प्रोस्टेट म्हणजे म्हातारपणचं दुखणं अशीच माझी समजूत. बाहेर बघितलं तर सरदारजी निघून गेले होते. नावही विचारायचं राहिलं. रोज दिवा लावताना त्यांनाही हात जोडतो.

दुसऱ्या दिवशी मला सलाइन लावलेलं, बायको उशाशी बसून उरलेले अध्याय वाचत होती आणि व्हिडिओ कॉलवर आई ऐकत होती. ऐन शेवटच्या अध्यायात मला लागली. सवयीने तसाच पडून राहिलो. आईने चेहऱ्यावरून ओळखलं.

"अरे, जा की. महाराज कुठे पळून चाललेत का? थांबतील ते."

मी उठलो. सलाइनचा स्टँड ढकलत वॉशरूमपर्यंत गेलो आणि तिथे मला रडूच फुटलं. इतके दिवस वाटत होतं, मी आसन धरून बसलोय म्हणून आई जगतेय. आईला आणि मलाही धरून कोणी ठेवलं होतं, ते तेव्हा कळलं. परत आलो तेव्हा बायको पोथीत बोट ठेवून थांबली होती.