चारोळीच्या डब्याचा खटला

बाबा बालाघाटच्या जिल्हा न्यायालयात वकिली करत. तिथे सगळं हिंदीत चालतं. साक्ष हिंदीत, बहस हिंदीत, निकालही हिंदीत. नागपूरला कायदा शिकताना बाबांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून लॅटिन संज्ञांचा एक जाड कोश घेतला होता. कोर्टात त्यातलं जवळजवळ काहीच लागत नसे, म्हणून ते लॅटिन घरी यायचं आणि आमच्या घरात ते चारोळीच्या डब्यासाठी वापरलं जायचं.

चारोळी आई बुद्धपौर्णिमेच्या खिरीसाठी जपून ठेवायची. डबा मांडणीवर, सगळ्यात वर. माझी धाकटी बहीण पाटावर पाट ठेवून तिथवर पोचायची. बाबा पाय न वाजवता तिच्या मागे जाऊन उभे राहायचे आणि भर कोर्टात बोलावं तशा आवाजात म्हणायचे, "इन... फ्लाग्रांते डेलिक्टो." 'इन' म्हटल्यावर ते थोडे थांबत. त्या थांबण्यातच बहीण दचकायची, पाट हलायचे आणि चारोळी जमिनीवर सांडायची.

"म्हंजे काय, बाबा?" अर्थ पाठ असूनही ती दर वेळी विचारायची.

"म्हंजे गुन्हा अजून जळून राह्यला. राख झाल्यावर सापडला त वेगळी गोष्ट. आग पेटली हाय अन् चोर तिथंच उभा हाय, तो हा."

मग शिक्षा. बाबा सांगत की जुन्या रोमन कायद्यात चोर चोरी करतानाच सापडला तर चौपट दंड भरावा लागे, मागाहून सापडला तर दुप्पट. बहिणीला अर्थात चौपट. दंड म्हणजे बाबांच्या शेजारी बसून त्यांच्या फाइली दाभणाने शिवायच्या. एका फाइलीला चार टाके. संध्याकाळभर ती त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसायची. दोरा दाताने तोडायची, बोट टोचलं की ओरडायची, आणि बाबा तिला एखाद्या अशिलाची नक्कल करून दाखवायचे.

मी खाटेवर पुस्तक घेऊन बसलेली असे. पान उलटायचं विसरून मी त्यांचं हसणं ऐकत राहायची. मला कधी दंड झाला नाही. मी डब्याला हात लावत नसे, अभ्यास वेळेवर करत असे, आणि पाहुण्यांसमोर बाबा म्हणत, "मोठीची काही फिकीरच नाही मले." फिकीर नसलेल्या माणसाच्या मागे कोणी पाय न वाजवता येत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं.

एकदा बाबांकडे लाच घेणाऱ्या एका बाबूचा खटला आला. नोटांना पावडर लावली होती आणि सोड्याच्या पाण्यात बुडवल्यावर त्याचे हात गुलाबी झाले होते. ती युक्ती बाबांना फारच आवडली. घरी येऊन त्यांनी चारोळीच्या डब्याच्या झाकणाला हळद चोळून ठेवली. दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात हात घालायला लावले. बहिणीची बोटं लालभडक झाली. माझी जशी घातली तशीच निघाली.

"आता बोल," बाबा तिला म्हणाले.

"मी त भाजीले हळद टाकली," ती म्हणाली.

"भाजी? काहून वं, तुले गॅस पेटवता तरी येते का?"

आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. माझे हात अजून पाण्यातच होते. ते बाहेर काढ असं मला कोणी सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी बहीण मैत्रिणीकडे गेली होती. मी पाटावर पाट ठेवला, डबा काढला आणि दोन्ही तळहात अजून हळद लागलेल्या त्या झाकणावर घासले. चारोळी तोंडात टाकली, पण चावली नाही. बाबांच्या चपला दारात वाजल्या तेव्हा मी मुद्दाम मांडणीपाशीच थांबले. हात पिवळे, गाल फुगलेला, डबा उघडा. यापेक्षा जास्त जळता गुन्हा मला करता येत नव्हता.

बाबांनी माझे हात पाहिले.

"आईले मदत करून राह्यली का?" ते म्हणाले. "शाबास. डबा वर ठेवजो मात्र, नाही त लहानी येईन." आणि ते कपडे बदलायला आत गेले.

ती चारोळी मी किती वेळ तोंडात धरून ठेवली होती, आठवत नाही.

बहीण लग्न होऊन नागपूरला गेली. मी इथेच राहिले, शाळेत शिकवू लागले, आई-बाबांचं करू लागले. ती आली की आल्या आल्या मांडणीकडे जायची, चाळिशी उलटल्यावरही, आणि बाबा आरामखुर्चीतून उठून तिच्या मागे जायचे. दोघं गेल्या भेटीचं वाक्य पुढे चालवल्यासारखं बोलायची. दवाखाना, औषधं, बिनसाखरेचा चहा ही माझी बोलणी होती.

शेवटच्या महिन्यांत बाबा अंथरुणाला खिळले. एका दुपारी त्यांना बरी जाग होती. मी चारोळीचा डबा घेऊन त्यांच्या समोर बसले, झाकण वाजवून उघडलं आणि मूठभर चारोळी त्यांच्या डोळ्यांदेखत खाऊ लागले. डोक्याचे केस पिकलेली मी. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले. मी वाकले.

"खाय, खाय," ते म्हणाले. "सकाळपासून काही खाल्लं नसन तू."

खरंच खाल्लं नव्हतं. ते त्यांना दिसलं होतं. तरीही मला त्या क्षणी बहिणीचा राग आला, आणि ती तर तेव्हा नागपुरात होती.

बाबा गेले. त्यांच्यामागे पुण्यानुमोदनाच्या विधीला कोर्टातले लोक आले. बुद्धवंदना झाली, दोघंचौघं बोलले. बाबांबरोबर पुष्कळ वर्षं काम केलेले एक म्हातारे वकील बहिणीपाशी येऊन म्हणाले, "अच्छा, तो आप हैं वो चिरौंजी वाली मुजरिम? आपका केस तो पूरे बार रूम को ज़ुबानी याद है." बहीण रडता रडता हसली. मग ते माझ्याकडे वळले. "और आप बड़ी वाली. वकील साहब कहते थे, बड़ी से कभी कोई शिकायत ही नहीं रही."

मी हात जोडले आणि स्वयंपाकघरात गेले.

जेवणाला माणसं फार होती. आचाऱ्याचं वरण कमी पडलं, तेव्हा दुसरं पातेलं मीच चढवलं. घाईत हळदीचा डबा कलंडला आणि ओट्यावरची हळद मी हातानेच गोळा केली. पंगती उठल्या, ऑटो निघून गेल्या. मी मोरीत बसून साबण लावला. फेस आधी पिवळा झाला, मग बोटांच्या बेचक्यांतून लाल होऊन ओघळू लागला. मी तो पाहत राहिले.

मागून पावलं वाजली नाहीत.

"इन... फ्लाग्रांते डेलिक्टो."

तोच आवाज. 'इन'नंतर तेवढंच थांबणं. मी दचकले, पाण्याचा तांब्या कलंडला. मागे बहीण उष्टे ग्लास घेऊन उभी होती, पांढऱ्या साडीत, डोळे सुजलेले.

"चुकलं माह्यं, ताई," ती म्हणाली. "तुह्ये हात पाह्यले अन् तोंडातून निघूनच गेलं. हासू नोको."

मी हसत नव्हते. बाबांचा कोश माझ्याकडे आहे, चष्मा माझ्याकडे आहे, काळा कोट माझ्याच कपाटात टांगलेला आहे. आवाज मात्र तिच्याकडे राहिला होता. इतकी वर्षं तो तिच्या घशात होता, आणि तिला त्याची खबरही नव्हती. तिचा इतका हेवा मला आयुष्यात कधी वाटला नव्हता, त्या फाइलींच्या संध्याकाळींसुद्धा नाही.

"अजून एकदा म्हण," मी म्हटलं.

"काय?"

"तेच. बाबा म्हणत तसं. मी तिकडे तोंड करून बसते."

तिने ग्लास खाली ठेवले. मी भिंतीकडे वळले आणि लाल हात बादलीतल्या पाण्यात घालून तसेच ठेवले.